ॲक्सेस डेटाबेस बाहेरच्या वापरकर्त्यांना द्यायचा असेल तर फाइल जागेवरच राहू द्या

प्रश्न थोडक्यात असा: ॲक्सेसमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये, केलेला एक छोटा प्रोग्रॅम ऑफिसातले पाचजण एकाच नेटवर्कवर व्यवस्थित वापरतात. फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये आहे, आकार साधारण १५० एमबी. आता आणखी तिघांना घरून किंवा दुसऱ्या शाखेतून तोच डेटा पाहायचा आणि भरायचा आहे. व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) लावून पाहिले, तर एक फॉर्म उघडायला अर्धा मिनिट लागतो आणि महिन्याभरात फाइल दोनदा करप्ट झाली. फाइल वनड्राइव्हवर ठेवली तर चालेल का, की सर्व्हर घ्यावाच लागेल?

वनड्राइव्हवर ठेवू नका, आणि व्हीपीएनवरून थेट फाइल उघडणे आजपासूनच बंद करा. चालणारे मार्ग दोन आहेत. पहिला, प्रोग्रॅम आणि डेटा दोन्ही ऑफिसातच चालू द्यायचे आणि बाहेरच्या माणसापर्यंत फक्त स्क्रीन पोहोचवायची, म्हणजे रिमोट डेस्कटॉप. दुसरा, टेबले ॲक्सेसच्या फाइलमधून काढून एसक्यूएल सर्व्हरसारख्या खऱ्या डेटाबेस इंजिनात न्यायची. तिघांसाठी पहिला मार्ग दोन-तीन दिवसांत उभा राहतो; दुसऱ्याला काही आठवडे द्यावे लागतात. पण व्हीपीएनवर नेमके काय बिघडते ते आधी समजून घ्या, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर अवलंबून आहे.

ॲक्सेसच्या फाइलमागे सर्व्हर प्रोग्रॅम नसतो. शेअर्ड फोल्डर असलेले मशीन फक्त फाइलचे तुकडे देते आणि घेते. क्वेरी (डेटाची मागणी) चालवणे, इंडेक्समध्ये (शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेल्या सूचीत) शोधणे, रेकॉर्ड लॉक करणे (एकजण बदलत असताना दुसऱ्याला रोखणे) ही सगळी कामे प्रत्येक वापरकर्त्याच्या मशीनवरचे इंजिन स्वतः करते, आणि ते फाइल ४ केबीच्या पानांनी वाचते. एक रेकॉर्ड मागितले तरी अख्खे टेबल नेटवर्कवरून येते असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते, ते खरे नाही. शोधायच्या फील्डवर इंडेक्स असेल तर आधी इंडेक्सची काही पाने येतात आणि मग हवे तेवढेच पान. खरी अडचण फेऱ्यांची आहे. समजा चार कॉम्बो बॉक्स (निवडीच्या उघडत्या याद्या) आणि दोन सबफॉर्म (फॉर्ममधले छोटे फॉर्म) असलेला फॉर्म उघडताना ८०० वेळा फाइलकडे जावे लागले. ऑफिसच्या केबलवर एक फेरी अर्ध्या मिलिसेकंदाची धरली तर ०.४ सेकंदात फॉर्म उघडतो. व्हीपीएनवर तीच फेरी ४० मिलिसेकंदांची झाली की ३२ सेकंद लागतात. म्हणूनच जास्त स्पीडचा इंटरनेट प्लॅन घेऊन फारसा फरक पडत नाही. एका वेळी जास्त माल नेता आला, तरी खेपा तेवढ्याच आणि रस्ताही तेवढाच लांब.

करप्ट होण्याचे कारणही तिथेच आहे. एक रेकॉर्ड सेव्ह होताना डेटाचे पान, दोन-तीन इंडेक्सची पाने आणि फाइलमधल्या अंतर्गत नोंदी अशी बरीच पाने वेगवेगळी लिहिली जातात. मध्येच लाइन तुटली तर काही पाने नवी, काही जुनी राहतात. डेटाबेस सर्व्हरकडे ट्रान्झॅक्शन लॉग (प्रत्येक बदलाची नोंदवही) असतो, त्यावरून तो अर्धवट काम मागे घेतो. ॲक्सेसकडे असा लॉग नाही. मग ३३४३ क्रमांकाची ‘अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट’ एरर येते, किंवा तुटण्याच्या क्षणीच ३०४३ क्रमांकाची नेटवर्कची एरर दिसते. घरच्या कनेक्शनवर एका सेकंदाचा खंड कोणाच्या लक्षातही येत नाही, पण या फाइलला तेवढा पुरतो. वायफायचेही तेच. ऑफिसातले पाचजण लॅपटॉपवर वायफायने काम करत असतील, तर त्यांनाही केबल लावून द्या. नाहीतर बाहेरच्या तिघांची सोय करूनही फाइल बिघडतच राहील.

वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, गुगल ड्राइव्ह या सेवा प्रत्येकाच्या मशीनवर फाइलची एक वेगळी प्रत ठेवतात आणि बदल झाला की ती फाइल वर पाठवतात. रेकॉर्ड लॉक त्यांना कळत नाही. कोणी कोणते रेकॉर्ड धरले आहे ही माहिती ॲक्सेस शेजारच्या एलएसीसीडीबी फाइलमध्ये ठेवतो, आणि इथे प्रत्येकाच्या मशीनवर तिचीही वेगळी प्रत तयार होते. दोघांनी सकाळी नोंदी केल्या की ‘कॉन्फ्लिक्ट’ नावाची दुसरी फाइल उगवते किंवा एकाच्या नोंदी गुपचूप नाहीशा होतात. दोन्ही फाइली उघडतात, दोन्ही ठीक दिसतात, आणि कोणत्या नोंदी कुठे गेल्या ते आठवड्यांनी उघडकीला येते. करप्ट फाइल निदान लगेच लक्षात येते, म्हणून हा प्रकार मला तिच्याहून घातक वाटतो.

आता कामाकडे. कोणताही मार्ग घेतलात तरी आधी डेटाबेस दोन भागांत तोडलेला हवा: बॅक-एंडमध्ये फक्त टेबले, आणि फ्रंट-एंडमध्ये फॉर्म, क्वेरी, रिपोर्ट, कोड व बॅक-एंडच्या टेबलांच्या लिंक. ‘डेटाबेस टूल्स’ टॅबवरच्या ॲक्सेस डेटाबेस विझार्डने हे काही मिनिटांत होते. आधी फाइलची एक प्रत काढून ठेवा. लिंक देताना मॅप केलेले ड्राइव्हचे अक्षर न वापरता सर्व्हरच्या नावापासून सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पाथ वापरा, कारण झेड ड्राइव्ह प्रत्येकाकडे झेडच असेल याचा भरवसा नसतो. बॅक-एंड असलेल्या फोल्डरवर वापरकर्त्यांना ‘मॉडिफाय’ परवानगी द्या. फाइलवर परवानगी आहे पण फोल्डरवर नाही असे झाले, तर लॉकची फाइल बनवता येत नाही आणि डेटाबेस फक्त वाचण्यापुरता किंवा एकट्यापुरता उघडतो.

फ्रंट-एंडची प्रत प्रत्येकाची स्वतःची हवी. ही गोष्ट सर्वांत जास्त वेळा चुकते. एकच फ्रंट-एंड सगळ्यांनी उघडला की तात्पुरती टेबले एकमेकांवर लिहिली जातात, एकाने लावलेला फिल्टर दुसऱ्याच्या फॉर्मवर दिसतो, फाइल फुगते आणि शेवटी बिघडते. मूळ फ्रंट-एंड शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवा आणि दोन ओळींची बॅच फाइल लिहा: पहिली ओळ तो वापरकर्त्याच्या प्रोफाइलमधल्या लोकल ॲप डेटा फोल्डरमध्ये कॉपी करेल, दुसरी ती कॉपी उघडेल. डेस्कटॉपवर या बॅच फाइलचा शॉर्टकट ठेवला की नवी आवृत्ती वाटत फिरावे लागत नाही. प्रोग्रॅम पुढच्या वेळी उघडला की प्रत्येकाला ती मिळते. फ्रंट-एंड सुरू होताच एक लपवलेला फॉर्म बॅक-एंडमधल्या कोणत्याही छोट्या टेबलाला जोडून उघडा ठेवा. त्यामुळे लॉकची फाइल सारखी बनवावी-पुसावी लागत नाही आणि फॉर्म ठळकपणे लवकर उघडतात.

तिघांसाठी रिमोट डेस्कटॉपचा सर्वांत स्वस्त प्रकार असा: त्यांची ऑफिसात स्वतःची मशीन असतील, तर ती चालूच ठेवा आणि त्यांना व्हीपीएनवरून आपापल्या मशीनवर येऊ द्या. मशीनवर विंडोजची प्रो आवृत्ती हवी. होम आवृत्तीवर बाहेरून येता येत नाही. स्लीप बंद करा, वीज गेल्यावर मशीन आपोआप सुरू होईल अशी बायॉसमधली (विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटअपमधली) सेटिंग लावा, आणि मशीन केबलनेच जोडा. लाइन तुटली तरी ॲक्सेस ऑफिसातल्या मशीनवर चालूच राहतो. वापरकर्ता पुन्हा जोडला की अर्धवट भरलेला फॉर्म जसाच्या तसा समोर असतो. फाइलला काही झाल्याचे कळतही नाही.

विंडोज प्रोवर एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. सिस्टिमची फाइल बदलून अनेक सेशन (एकेका वापरकर्त्याची स्वतंत्र कामाची बैठक) चालू करणारी टूल्स मिळतात, पण ती परवान्याच्या विरुद्ध आहेत आणि एखाद्या विंडोज अपडेटनंतर अचानक बंद पडतात. ज्यावर रोजचे काम अवलंबून आहे तिथे ती लावू नका. स्वतंत्र मशीन नसतील किंवा माणसे वाढणार असतील, तर विंडोज सर्व्हर घेऊन त्यावर रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट (एकाच सर्व्हरवर अनेकांना एकाच वेळी काम करू देणारी सोय) बसवा.

इथे परवान्यांचा हिशेब नीट करा. विंडोज सर्व्हरवर दोन सेशन विनापरवाना मिळतात, पण ती फक्त देखभालीसाठी असतात. रोजच्या वापरासाठी प्रत्येकाला सर्व्हरचे कॅल (सर्व्हर वापरण्याचा परवाना) आणि त्यावर वेगळे आरडीएस कॅल (रिमोट डेस्कटॉपचा परवाना) लागते. परवाना सर्व्हर न लावता व्यवस्था १२० दिवस चालते, आणि मग एका सकाळी कोणालाच आत जाता येत नाही. डोमेन (सगळ्या मशीन व खात्यांची एकत्र व्यवस्था) नसेल, म्हणजे सर्व्हर वर्कग्रुपमध्ये असेल, तर आरडीएस कॅल ‘पर डिव्हाइस’ प्रकारचीच घ्या. वर्कग्रुपमध्ये ‘पर युजर’ लावले, तर सर्व्हर २०१९ पासून सेशन ६० मिनिटांनी तोडले जाते. कॅल घेताना हा प्रकार चुकला की सगळे लावून झाल्यावर कोडे पडते.

ॲक्सेसचा पूर्ण परवाना मात्र प्रत्येकाला लागत नाही. ॲक्सेस रनटाइम मोफत आहे. त्यात फॉर्म भरता येतात, रिपोर्ट काढता येतात, फक्त डिझाइन बदलता येत नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ च सर्व्हरवर टाकायचे असेल, तर शेअर्ड कॉम्प्युटर ॲक्टिव्हेशन (एकाच मशीनवर अनेकांनी ऑफिस वापरण्याची मुभा) असलेला प्लॅन हवा. बिझनेस प्रीमियममध्ये ते आहे, बिझनेस स्टँडर्डमध्ये नाही. रनटाइमवर जाण्याआधी फ्रंट-एंडच्या एका प्रतीचे एक्स्टेन्शन बदलून एसीसीडीआर करा आणि तशी चालवून पाहा. ती रनटाइमसारखीच वागते. नेव्हिगेशन पेन दिसत नाही, नेहमीचा रिबन नसतो, आणि कोडमध्ये एरर हँडलिंग नसेल तर पहिल्या चुकीला पूर्ण प्रोग्रॅम बंद होतो. म्हणजे प्रत्येक प्रोसिजरमध्ये एरर पकडावी लागेल आणि मेनूसाठी स्वतःचा फॉर्म लागेल. कंपाइल केलेली एसीसीडीई फाइल देणार असाल, तर ती ३२ बिट ऑफिसवर केली आहे की ६४ बिटवर ते पाहा. दुसऱ्या प्रकारावर ती उघडत नाही.

सर्व्हर फार मोठा लागत नाही. आठ-दहा जणांसाठी १६ जीबी रॅम आणि एसएसडी पुरेसे होतात, आणि बॅक-एंड त्याच मशीनच्या डिस्कवर ठेवला तर नेटवर्कचा प्रश्नच मिटतो. तसे केले, तर ऑफिसातल्या पाचजणांनीही रिमोट डेस्कटॉपनेच आत यावे असे मी सुचवेन. मग बॅक-एंडला स्पर्श करणारी सगळी इंजिने एकाच मशीनवर असतात.

सेशन होस्टवर नेमके अडते ते काही ठरलेल्या ठिकाणी. तारखांपासून सुरुवात करू. सर्व्हरवर नवे प्रोफाइल बनले की त्याची रीजनल सेटिंग अनेकदा अमेरिकन असते. मग ५ मार्च ही तारीख ३ मे होते, आणि १३ तारखेपासूनच्या नोंदी बरोबर दिसत असल्याने चूक लवकर लक्षात येत नाही. प्रत्येक प्रोफाइलची सेटिंग बदला, आणि कोडमध्ये एसक्यूएल जोडताना तारीख नेहमी महिना-दिवस-वर्ष या क्रमाने हॅश चिन्हांत घाला. ॲक्सेसचे इंजिन तिथे स्थानिक सेटिंग पाहत नाही.

प्रिंटरची गोष्ट वेगळी. घरचा प्रिंटर सेशनमध्ये दिसतो, पण दर वेळी त्याच्या नावाला नवा सेशन क्रमांक जोडलेला असतो. रिपोर्टमध्ये ठरावीक प्रिंटर पक्का केला असेल तर तो सापडत नाही. सगळे रिपोर्ट ‘डीफॉल्ट प्रिंटर’ वर ठेवा. खरे तर बाहेरच्यांना पीडीएफ काढून देण्याचे बटण दिले की बहुतेक तक्रारी संपतात.

अर्धवट सोडलेली सेशने सगळ्यांत जास्त त्रास देतात. वापरकर्ता कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करून खिडकी बंद करतो आणि त्याला वाटते बाहेर पडलो. सर्व्हरवर त्याचा ॲक्सेस चालूच असतो आणि फॉर्मच्या सेटिंगमध्ये ‘एडिटेड रेकॉर्ड’ लॉकिंग असेल तर ते रेकॉर्ड दुसऱ्या कोणालाच बदलता येत नाही. रात्रीचा बॅकअप आणि कॉम्पॅक्टही (फाइलमधली वाया गेलेली जागा काढणे) त्यामुळे अडतात. उपाय दोन बाजूंनी करा: तुटलेले सेशन दोन तासांनी संपवण्याची मर्यादा ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या मध्यवर्ती नियमांत) लावा, आणि त्याआधी, समजा पाऊण तास काही हालचाल नसेल, तर फ्रंट-एंडमधला टायमर रेकॉर्ड सेव्ह करून किंवा सोडून देऊन प्रोग्रॅम स्वतःच नीट बंद करेल असे ठेवा. क्रम महत्त्वाचा आहे. सिस्टिमने सेशन मारण्याची वेळ शक्यतो येऊ नये.

सुरक्षेबद्दल थोडेच, पण ठाम सांगतो. राउटरवर पोर्ट ३३८९, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचे दार, इंटरनेटला उघडे करू नका. पोर्ट बदलून ठेवणे हाही उपाय नाही. स्कॅन करणारे प्रोग्रॅम सगळी पोर्ट तपासतात. २०१९ मध्ये उघडकीला आलेली ब्लूकीप त्रुटी तर पासवर्ड न देताच आत येऊ देणारी होती. बाहेरून येणारा आधी व्हीपीएनवर किंवा पोर्ट ४४३ वरच्या आरडी गेटवेवर (रिमोट डेस्कटॉपच्या आधी बसवलेल्या पहारेकरी सर्व्हरवर) यावा, त्यावर दुसऱ्या टप्प्याची ओळख तपासणी असावी, आणि मगच रिमोट डेस्कटॉप मिळावा. या सेशनमध्ये स्वतःचे ड्राइव्ह आणि क्लिपबोर्ड जोडण्याची सोय बंद ठेवा. फोल्डरवर ‘मॉडिफाय’ परवानगी असलेला कोणीही बॅक-एंडची पूर्ण प्रत उचलू शकतो.

एसक्यूएल सर्व्हरकडे कधी वळायचे? बॅक-एंड १ जीबीच्या पुढे गेला असेल (ॲक्सेस फाइलची कमाल मर्यादा २ जीबी आहे), एकाच वेळी लिहिणारे पंधरा-वीस झाले असतील, कोण काय पाहू शकतो यावर खरे नियंत्रण हवे असेल, किंवा पुढे वेब किंवा मोबाइलवर जायचे असेल तेव्हा. ॲक्सेस २५५ वापरकर्त्यांपर्यंत चालतो असे कागदावर लिहिलेले असते; त्या आकड्यावर काहीही योजू नका.

एसक्यूएल सर्व्हरची एक्सप्रेस आवृत्ती मोफत आहे. २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत प्रत्येक डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, बफरसाठी (डेटा हाताशी ठेवायला) साधारण १.४ जीबी मेमरी आणि जास्तीत जास्त चार कोअर वापरले जातात. तुमच्या १५० एमबीला ते कितीतरी पुरते. ती बसवल्यावर बाहेरच्या मशीनवरून जोडणी होत नाही असे हमखास घडते, कारण एक्सप्रेसमध्ये टीसीपी-आयपी सुरुवातीला बंद असते. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये ते चालू करा, पोर्ट १४३३ पक्के करा, सर्व्हिस पुन्हा सुरू करा, फायरवॉलमध्ये ते पोर्ट फक्त आतल्या नेटवर्कला व व्हीपीएनला उघडा. ॲक्सेसला एसक्यूएल सर्व्हरशी जोडणारा ओडीबीसी ड्रायव्हर १८ वापरलात, तर तो एन्क्रिप्शन आपणहून मागतो आणि सर्व्हरच्या स्वतःच बनवलेल्या सर्टिफिकेटवर अडतो. योग्य सर्टिफिकेट बसवणे हा खरा उपाय.

टेबले हलवण्यासाठी मायक्रोसॉफ्टचा मायग्रेशन असिस्टंट मोफत मिळतो. हलवण्याआधी प्रत्येक टेबलाला प्रायमरी की (प्रत्येक रेकॉर्ड वेगळे ओळखणारे फील्ड) द्या, नाहीतर लिंक केलेले टेबल फक्त वाचता येते. प्रत्येक टेबलात ‘रोव्हर्जन’ प्रकारचा (रेकॉर्ड बदलले की आपोआप बदलणारा) एक कॉलम वाढवा आणि होय-नाही प्रकारचे सगळे कॉलम ‘नल’ (रिकामे) न चालणारे, डीफॉल्ट ० असे करा. या दोन गोष्टी राहिल्या, तर एकटाच माणूस काम करत असतानाही ‘दुसऱ्याने हे रेकॉर्ड बदलले आहे’ असा संदेश येऊ लागतो आणि कारण सापडत नाही. कोडमध्येही थोडे बदल होतात: आयडेंटिटी कॉलम (एसक्यूएल सर्व्हरमधला ऑटोनंबर) असलेल्या टेबलावर रेकॉर्डसेट उघडताना ‘डीबी सी चेंजेस’ हा पर्याय द्यावा लागतो, आणि ऑटोनंबर रेकॉर्ड सेव्ह झाल्यावरच मिळतो. ॲक्सेसमध्ये तो टायपिंग सुरू होताच मिळत असे, आणि त्यावर विसंबलेला कोड पुष्कळ सापडतो.

फक्त टेबले हलवून वेग वाढत नाही, उलट पहिल्या दिवशी प्रोग्रॅम आधीपेक्षा मंद वाटू शकतो. फॉर्म अख्ख्या टेबलावर उघडून मग शोध घेण्याची सवय मोडावी लागते: आधी क्रमांक किंवा नाव विचारा, मग तेवढेच रेकॉर्ड आणा. हजारो ओळींचे कॉम्बो तीन अक्षरे टाइप झाल्यावर भरा. क्वेरीच्या अटीत स्वतः लिहिलेले व्हीबीए (ॲक्सेसमधली कोडची भाषा) फंक्शन असेल तर सर्व्हरला ते कळत नाही. ॲक्सेस सगळ्या ओळी मागवून स्वतः गाळतो. अशा क्वेरी व्ह्यू (सर्व्हरवर साठवलेली क्वेरी) किंवा पास-थ्रू क्वेरी (जशीच्या तशी सर्व्हरकडे पाठवलेली क्वेरी) करून सर्व्हरवर न्या. हे सगळे झाले की व्हीपीएनवरूनही काम जमते, आणि लाइन तुटली तरी अर्धवट ट्रान्झॅक्शन मागे घेतले जाते.

शेअरपॉइंट (मायक्रोसॉफ्टची वेबवरची फाइली आणि याद्यांची सेवा) लिस्टचा पर्यायही सुचवला जातो. एक-दोन साध्या याद्यांसाठी तो ठीक, पण व्ह्यूला ५,००० नोंदींची मर्यादा आडवी येते आणि टेबलांमधली नाती ॲक्सेसइतकी सांभाळली जात नाहीत. ॲक्सेसची जुनी वेब ॲप्स शेअरपॉइंट ऑनलाइनवर २०१८ मध्ये बंद झाली, त्यामुळे त्याबद्दलचे मार्गदर्शन दिसले तर पुढे जा.

बॅकअप दोन्ही मार्गांत वेगळा. ॲक्सेसची उघडी फाइल कॉपी केली तर कॉपीही अर्धवट अवस्थेतली असू शकते, म्हणून रात्रीची स्क्रिप्ट आधी एलएसीसीडीबी फाइल नाही ना ते पाहील आणि असेल तर कळवेल अशी लिहा. कॉम्पॅक्ट नेहमी कॉपी काढल्यानंतर. एसक्यूएल एक्सप्रेसमध्ये वेळापत्रकाचा एजंट नसतो. विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून बॅकअपची कमांड चालवा. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या मशीनवर उघडून कालच्या नोंदी दिसतात का ते तपासा.

तुमच्या बाबतीत मी क्रम असा ठेवीन: या आठवड्यात फाइलचे दोन भाग करा आणि तिघांना त्यांच्या ऑफिसातल्या मशीनवर रिमोट डेस्कटॉप द्या. मशीन नसतील तर सेशन होस्ट. एसक्यूएल सर्व्हर आत्ता नको, पण नवा फॉर्म कराल तो एकेक रेकॉर्ड मागवणाराच करा, म्हणजे पुढचे काम हलके होईल. आणि रिमोट डेस्कटॉप चालू झाल्याच्या दिवशीच व्हीपीएनवरून शेअर्ड फोल्डरकडे जाणारा रस्ता, म्हणजे पोर्ट ४४५, त्या तिघांसाठी बंद करा. जुना शॉर्टकट कोणाच्या तरी डेस्कटॉपवर राहतोच, आणि घाईत कोणीतरी त्यावरच डबल-क्लिक करतो.